शनिवारचा माल

आमच्या घरात मेणबत्तीवरून भांडण व्हायचं. बाबा ठाण्यात बाळकुमच्या मागे खाडीलगतच्या मिठागरात कामाला होते. दिवसभर खारट पाण्यात उभं राहून त्यांच्या टाचांना भेगा पडायच्या, बोट जाईल एवढ्या. आई संध्याकाळी मेणबत्तीचा तुकडा वितळवून त्या भेगांत ओतायची. आणि त्याच तुकड्यावर, वीज गेली की, माझा अभ्यास. टाचा भरायच्या की धडा संपवायचा, हे रोज ठरवावं लागायचं. बहुतेक वेळा बाबाच म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, बायला वाचू दे. टाचा काय, उद्याव फाटनार हायेत."

पावसाळ्यात मिठागर पाण्याखाली जायचं, तेव्हा चार महिने कामच नसायचं. आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्या जागेवर पुढे मोठमोठी संकुलं उभी राहिली. आमच्या नावावर काहीच नव्हतं, त्यामुळे आमचं काही उभं राहिलं नाही. मी तेवढी बी.एस्सी. झाले. रसायनशास्त्र घेतलं. आमच्या घरातली पहिली पदवी. हे मी कुठेही, कोणालाही, न विचारता सांगते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा मिठाची बाटली पाहिली, तेव्हा घरी येऊन बाबांना सांगितलं, की आपलं मीठ तिथे काचेच्या बाटलीत असतं, वर छापील लेबल असतं.

"कोनी बनवलं त्याचं नाव हाय?"

"कंपनीचं नाव आहे."

"कंपनीनं फावरा धरलेला काय?" बाबा म्हणाले आणि हसले. मीही हसले. तो प्रश्न इतकी वर्षं माझ्या मागे लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नोकरी लागली ती डोंबिवलीला, मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत. खोपटहून बस पकडायची, शिळफाट्याच्या कोंडीत अर्धा जन्म घालवायचा आणि नऊच्या आत हजेरी लावायची. कारखाना छोटा, तीस-बत्तीस माणसांचा. कापड रंगवून झालं की ते मऊ पडावं म्हणून त्याला जी रसायनं लावतात, ती आम्ही बनवायचो. मालक रमणिकभाई. धोतर नेसणाऱ्या बापाचा सफारी घालणारा मुलगा. मनाने वाईट नाही, पण नवीन शब्द ऐकला की तो विकायची घाई.

एके वर्षी ते एका प्रदर्शनाला गेले आणि 'नॅनो' हा शब्द घेऊन आले. पहिल्या महिन्यात तर त्यांनी आमच्या जुन्याच सॉफ्टनरच्या पिंपावर 'नॅनो सॉफ्टनर' अशी चिकटपट्टी लावायला सांगितली.

"शेठ, यात नॅनो काही नाही."

"पाटील मॅडम, दिसतं का ते नॅनो? नाही ना दिसत? मग नाही हे तरी कोण बघणार?"

मी चिकटपट्ट्या लावल्या नाहीत. आठवडाभर शेठ माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनीच एका विद्यापीठातल्या सबनीस सरांना गाठलं आणि खरोखरचं नॅनो आणायचं ठरवलं. त्याचं श्रेय मी आजही स्वतःकडे घेते, कोणी दिलं नाही तरी.

आता हे नॅनो म्हणजे काय, ते माझ्या आईला सांगितलं तसं सांगते. डोक्याचा एक केस घ्या. त्याच्या जाडीचे जवळजवळ लाखभर पापुद्रे काढता आले, तर एक पापुद्रा म्हणजे साधारण एक नॅनोमीटर. चांदीचे कण असे काही थोड्या नॅनोमीटरचे केले की चांदी चांदीसारखी वागत नाही. चकाकत नाही. पाण्यात पिवळी दिसते, पातळ हळदीच्या पाण्यासारखी. हे पाणी कापडाला लावलं की त्यात जंतू वाढत नाहीत, घामाचा वास धरत नाही. मोजे, गणवेश, रुग्णालयाच्या चादरी, सगळ्यांना ते हवं असतं. कण लहान आणि एकसारखे राहिले तर पिवळा रंग टिकतो. लहान-मोठे झाले की ते एकमेकांना चिकटतात, पाणी संध्याकाळपर्यंत करडं होतं आणि आठ दिवसांत तळाला काजळी बसते. काजळी बसलेला माल म्हणजे महागडं गटाराचं पाणी.

आणि या चांदीचा शत्रू कोण, तर मीठ. चिमूटभर मीठ पडलं की पाणी दुधासारखं फुटतं. ज्या मिठावर आमच्या पिढ्या जगल्या, तेच माझ्या भांड्याचं विष. बाबांना सांगितलं तेव्हा ते जरा दुखावलेच.

सबनीस सरांनी आम्हाला अकरा पानांची फाईल दिली. शाल, नारळ, फोटो. त्या फोटोखाली तंत्रज्ञान हस्तांतरित झालं असं लिहिलेलं आहे. मी फोटोत डाव्या कडेला अर्धी आहे. सर चंबूत पाव लिटर बनवायचे, आम्हाला पाचशे लिटरच्या रिॲक्टरमध्ये बनवायचं होतं. रिॲक्टर म्हणजे तापवायची आणि ढवळायची सोय असलेलं मोठं बंद भांडं, बाकी काही नाही. शुद्ध पाणी, त्यात काडीखार, म्हणजे चांदीचा क्षार, मग दोन रसायनं, ठरलेलं तापमान, ठरलेली ढवळणी. सगळं पानावर होतं. मी पानाबरहुकूम केलं. माल करडा झाला.

परत केलं. करडा.

सर दोनदा येऊन गेले. त्यांच्यासमोर केलं, करडा. त्यांनी आमच्याच पाण्यातून त्यांच्या चंबूत केलं, सुंदर पिवळं. मग मला विचारलं, "तुम्ही नक्की काय वेगळं करता?" मला रडू येत होतं. पदवी फाडून टाकावी असं वाटत होतं. मिठागरवाल्याच्या पोरीने चांदीला हात लावायलाच नको होता, असं तिथे कोणी म्हटलं नाही, पण मला ते ऐकू यायचं.

मग एक विचित्र गोष्ट दिसली. कधीकधी माल चांगला यायचा. अगदी झकास, महिना ठेवला तरी पिवळाधमक. मी सगळे कागद टेबलावर पसरले. चांगले सगळे बॅच शनिवारचे होते. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार करडे. शुक्रवारी आमच्या वसाहतीत पाणी बंद, त्यामुळे कारखान्याला सुट्टी. शनिवारी पिवळा.

मी शनिवारची हवा मोजली. शेजारचा कारखाना शनिवारी बंद असतो, म्हणून त्याच्या धुराचा संबंध लावून पाहिला. विजेचा दाब तपासला. शनिवारी मी स्वतः कोणती साडी नेसते इथपर्यंत माझी मजल गेली. सरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "पाटील, वार हा प्रायोगिक घटक नाही."

रमणिकभाईंना मात्र एका मिनिटात कळलं. "शनिवार! अरे मारुतीचा वार! मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं साधी गोष्ट बघत नाही." पुढच्या शनिवारपासून रिॲक्टरसमोर नारळ फुटायला लागला, तेल वाहायला लागलं. माल चांगलाच आला. आता सांगा, मी काय बोलणार? नारळाचं पाणी भांड्यात उडू नये एवढी काळजी मी घेतली. खरं सांगायचं तर, तिसऱ्या शनिवारी मीही हात जोडले.

हे असं वर्षभर चाललं असतं, पण रुग्णालयाच्या चादरी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं. आमचे शनिवारचे नमुने त्यांना आवडले होते. त्यांची माणसं येणार, लागोपाठ तीन दिवस समोर उभी राहून तीन बॅच बघणार, तिन्ही एकसारखे निघाले तर काम आमचं. दिवस त्यांनीच दिले होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार.

रमणिकभाईंनी पत्र दोनदा वाचलं. "शनिवार सांगू त्यांना?"

"तीन शनिवार लागोपाठ कसे येतील, शेठ?"

"मग बंद करू हे. पोरांना खेळायला नाही काढलाय कारखाना. तुम्ही परत सॉफ्टनर बघा."

म्हणजे माझं नॅनो संपलं. त्या विभागात माझ्याबरोबर सहा माणसं होती, त्यांना सॉफ्टनरमध्ये जागा नव्हती. त्या सहांतल्या एक सुमनताई. नवरा गेल्यावर कारखान्यात लागलेल्या, मानपाड्यालाच चाळीत राहायच्या, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. रोज सकाळी रिॲक्टर धुणं हे त्यांचं काम. तीन वेळा धुवायचं आणि प्रत्येक वेळी तक्त्यावर बरोबरची खूण करायची. खाली माझी सही.

त्या दिवशी चहाच्या वेळी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, एक सांगू? ओरडणार नाय ना?"

"सांगा."

"आधी बोला ओरडणार नाय."

"अहो ताई, ओरडायची ताकद आहे का माझ्यात?"

"शनिवारी मी भांडं धूत नाय."

मला कळलंच नाही. म्हटलं, "म्हणजे कमी धुता?"

"धूतच नाय. पाणी कुठंय? शुक्रवारी बंद, शनिवारी दुपारी येतं. तुमचा बॅच सकाळी. ते तुमचं शुद्ध पाणी वापरलं तर तुम्ही बोलणार, बॅचला पुरलं नाय. मग मी काय करते, झाकण लावून टाकते. तळाला गुरुवारचं बादलीभर राहतं, ते तसंच. वरून तुम्ही ओतता."

"आणि तक्त्यावर खुणा?"

"त्या करते." त्या खाली बघत होत्या. "तीन खुणा करायच्या असतात ना. किती दिवस सांगीन सांगीन म्हणत होते. पण तो नारळ सुरू झाला. मग देवाच्या मध्ये कशाला बोला?"

मी ओरडले नाही. मी हसत होते की काय, तेही आठवत नाही. बुधवारी मी मंगळवारची बादली तळाला ठेवून बॅच केला. वर कुठलाही नारळ नाही. पिवळा. मग गुरुवारी. पिवळा.

सरांना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बीज! आधीचे बारीक कण बीज होतात. नवीन चांदी त्यांच्यावर बसते, त्यामुळे सगळे कण सारखे वाढतात. चंबूत मुळात सगळं चटकन मिसळतं, तिथे गरज पडत नाही. तुमच्या मोठ्या भांड्यात पडते." शेवटी म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं." सर सरळ माणूस. पण करड्या मंगळवारची बादली बीज म्हणून कशी चालली, हे मी विचारलं, तर म्हणाले, "त्यातही थोडे चांगले कण असणार." 'असणार' हा शब्द मी लक्षात ठेवला. अजूनही मला ते पुरतं कळलेलं नाही, आणि मला शंका आहे की त्यांनाही.

मंगळवारी कंपनीची माणसं आली. त्यांच्यात एक चष्मेवाली मुलगी होती, कमी बोलणारी, कागद जास्त वाचणारी. मी नवीन पद्धत लिहून ठेवली होती, तळ राखायचा असं स्पष्ट. तिने ते वाचलं, मग जुने तक्ते मागितले. पानं उलटता उलटता थांबली.

"शुक्रवारी बंद झालेलं पाणी तुमच्याकडे शनिवारी दुपारी येतं ना? मग शनिवारी सकाळी तीन वेळा धुतलं कशाने?"

सुमनताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. रमणिकभाई माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना काय हवंय ते मला समजत होतं. कामगाराची चूक, तिला काढून टाकलं, विषय संपला. असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "धुतलं नाही. खूण खोटी आहे. पण प्रत्येक खुणेखाली सही माझी आहे, न बघता केलेली. तेव्हा काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. आणि हेही लिहा, की न धुतल्यामुळेच आम्हाला कळलं."

तिने माझ्या नावावर लिहिलं. तो शेरा अजून फाईलमध्ये आहे. तिन्ही बॅच पिवळे निघाले आणि काम आम्हाला मिळालं. रमणिकभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोललात ते बरं केलं," आणि मग हळूच, "पण मी मंगळवारीही नारळ फोडलेला, सकाळी सातला. तुम्ही यायच्या आधी."

इथपर्यंत मी बरी वागले. पुढचं सांगायला जड जातं.

या पद्धतीचं पेटंट घ्यायचं ठरलं. वकील आले. शोधकांच्या रकान्यात सबनीस सर, रमणिकभाई आणि मी, अशी तीन नावं घातली. मसुद्यात लिहिलं होतं, की भांड्यात आधीच्या द्रवाचा अंश राखल्यास कण एकसारखे होतात असे आश्चर्यकारकरीत्या आढळून आले. मी विचारलं, सुमनताईंचं नाव?

वकील म्हणाले, "मॅडम, शोधकाला आपण काय शोधलं ते कळलेलं असावं लागतं. त्यांनी पाणी नव्हतं म्हणून धुतलं नाही. त्यात बुद्धी कुठे आली?"

रमणिकभाई म्हणाले, "चुकीला पेटंट द्यायचं?"

मला म्हणायचं होतं, की रमणिकभाईंना तरी काय कळलेलं, त्यांनी तर नारळ फोडला. मला म्हणायचं होतं, की मलाच सगळं कुठे कळलंय. म्हटलं नाही. सुमनताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नको बाई नाव. कागदावर नाव आलं की कोणीतरी विचारायला येतं." हे मला सोयीचं पडलं. मी सही केली. माझं नाव पेटंटवर येणार होतं. बाळकुमच्या मिठागरातलं नाव. त्याचा मोह झाला, हे लपवून काय करू?

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते तेव्हा थकले होते, मिठागर कधीच सुटलं होतं. ते म्हणाले, "यात नवीन काय? आमी आगर कवा पार खरवडला नाय. तळाला मिठाचा पापुद्रा ऱ्हाला पायजे. नायतर दाना बारीक-मोटा येतं."

हे खरं होतं, की म्हातारपणची बढाई, मला आजही ठाऊक नाही. विचारायला आता ते नाहीत. खरं असेल, तर जे शोधायला मी वर्ष घालवलं ते माझ्या घरातच होतं, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मग हे ज्ञान कोणाचं? सरांचं, ज्यांना कारण माहीत? सुमनताईंचं, ज्यांच्या हातून झालं? बाबांचं? की चादरीच्या कंपनीचं, जिने नुसतं पत्र पाठवलं, पण जिच्या पत्राशिवाय सुमनताई बोलल्याच नसत्या? मी पुष्कळदा विचार केला आहे. दर वेळी वेगळं उत्तर येतं.

दोन-अडीच वर्षांनी माल परत बिघडायला लागला. तीच तळाची बादली बॅचमागून बॅच वापरत गेलो की बीज म्हातारं होतं, कण मोठे होत जातात. कितव्या बॅचला तळ टाकून नवा धरायचा? मी कण मोजणाऱ्या यंत्रावर तपासायला नमुने बाहेर पाठवायचे, अहवाल यायला आठवडा लागायचा, तोवर माल वाया. सुमनताई मात्र झाकण उघडून सांगायच्या, "आज बदला." नाहीतर, "अजून दोन जातील." त्यांचं चुकायचं नाही.

या वेळी मी नीट विचारलं. शेजारी बसून, वही घेऊन. "ताई, तुम्ही बघता काय?"

"ती कड बघते. द्रव उतरला की भांड्याच्या अंगाला एक रेघ राहते ना. सोनेरी असली की चालतं. कडेने निळसर झाक आली की मग एकच बॅच. त्याच्यापुढे नाय."

"हे कधीपासून बघता?"

"त्या चष्मेवालीच्या वेळेपासून. तुम्ही माझ्यासाठी शेरा घेतलात. म्हटलं, परत खाली बघायची वेळ नको."

आम्ही दोघींनी तीन महिने रोज ती रेघ वहीत उतरवली आणि प्रत्येक बॅच यंत्रावर तपासून घेतला. त्यांचा डोळा आणि यंत्राचा आकडा जुळला. त्यावर दुसरा अर्ज केला. वकिलांनी पुन्हा विचारलं, बुद्धी कुठे आली. मी वही पुढे केली आणि म्हटलं, "इथे. आणि हे नाव नसेल तर माझंही नको." सबनीस सर म्हणाले, या वेळी माझा काही संबंध नाही, तुम्ही दोघीच घाला. रमणिकभाई कुरकुरले, मग म्हणाले, "घाला. पण नारळ चालू राहील."

सुमनताईंनी सही करायच्या आधी विचारलं, "कोणी विचारायला आलं तर?"

"तर सांगायचं."

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंत तेच. कड बघते."

त्यांनी सावकाश, देवनागरीत सही केली.

ते पेटंट मंजूर झालं आहे. शोधकांच्या रकान्यात दोन नावं आहेत, एक सुमन जाधव आणि एक माझं. आमचा माल आता आठवड्याचे सहाही दिवस सारखा येतो. शुक्रवारी पाणी नसतं.